गळका माठ

घरातून निघायच्या आधी मी मोरीत जायचं की नाही, हे आमच्यात मी ठरवत नव्हतो. ती ठरवायची. त्या दिवशी सकाळीसुद्धा रिक्षा दारात येऊन थांबली होती, ती कुलूप हातात धरून उंबऱ्यात उभी होती, आणि मला म्हणाली, "जाऊन या आदी."

"आत्ताच गेलतो की."

"ते उठल्यावर. अकलूजपातूर यष्टी तुमच्यासाटी कुटं थांबायची न्हाय."

"लागली न्हाय गं."

"न लागता जा. चौक वलांडला की लागतीया तुमाला. गळका माठ निव्वळ."

गळका माठ हे तिनं मला ठेवलेलं नाव. साठी झाल्यावर पुरुषाला जो त्रास सुरू होतो तो मलाही झाला, तेव्हापासूनचं. पण हे नाव तिनं कधी लेकासमोर घेतलं नाही, सुनेसमोर नाही, माहेरच्यांसमोर तर नाहीच. चारचौघांत मी 'आमचे हे'. दार लागलं की गळका माठ.

मी गेलो. ती दाराबाहेर उभी राहून कान देत होती. तिला आवाजावरून कळायचं किती झाली ते. बाहेर आलो तर म्हणाली, "झाली का?"

"झाली."

"येवढुशीच?"

एवढं बोलून आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाला आमच्याच गल्लीतला, मुसलमान, मला चाचा म्हणतो. अकलूजला तिच्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं जावळ होतं. बोकड कापला होता. ती वाटेभर तेच सांगत होती, की बहीण मटणात खोबरं जास्त घालते. सात रस्ता चौकाच्या पुढे आलो आणि मला लागली. मांडी हलवली फक्त. तिनं माझ्याकडं बघितलं आणि समोर बघून म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं?"

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर वळला. मागं दोन ट्रॉल्या. पुढचा गेला, मधली गेली, मागची मात्र म्हैस भिंतीला अंग घासते तशी आमच्या रिक्षाला येऊन टेकली. जोरात नाही. रिक्षा हळूच आडवी झाली. मी खाली, ती माझ्यावर, आणि वरून ऊस. माझ्या कमरेत काहीतरी मोडलं ते मला ऐकू आलं.

लोक धावत आले. निम्मे आम्हाला काढत होते, निम्मे ऊस उचलत होते. मी रस्त्यावर पडलेलो, आणि डोक्यावर वर्तुळ करून उभे असलेले लोक ऊस सोलून खात माझ्याकडं बघत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, गोड हाय बघ.

ती रस्त्याच्या कडेला बसली होती. एका पायात चप्पल नव्हती. अंगावर ओरखडा नाही. ट्रॅक्टरवाल्याला तिनं जे धुतलं ते मी इथं लिहीत नाही. तो बिचारा "मावशी, पाणी प्या, मावशी, पाणी प्या" म्हणत होता आणि ती त्याच्या बापाला, आज्याला आणि ज्यानं त्याला लायसन दिलं त्याला बोलत होती. मग मध्येच थांबून माझ्याकडं वळली.

"अवो, झाली का मग तुमची?"

मी म्हणालो, "न्हाय."

"धरून ठिवा. दवाखान्यात करा."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मला उभं राहता येत नव्हतं म्हणून मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. ती धडधाकट होती म्हणून दुसऱ्या रिक्षातून आली. स्वतःच्या पायांनी दवाखान्याची पायरी चढली, बाकावर बसली, पाणी मागितलं, डोकं दुखतंय म्हणाली, आणि पाणी यायच्या आधी आडवी झाली. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं. मला आत एक्स-रेच्या टेबलावर इकडून तिकडं वळवत होते तेवढ्या वेळात सगळं आटपलं.

हे मला कोणी सांगितलं नाही. आजारी माणसाला मयताची बातमी सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. मीही दुसऱ्यांच्या बाबतीत हेच केलं आहे. सांगणाऱ्याला वाटतं आपण किती चांगले. खाटेवर पडून ऐकलं की कळतं हा काय तमाशा असतो.

माझ्याकडं जी डॉक्टरीण होती ती नातीच्या वयाची. हात थंड. तिनं कमरेच्या दोन्ही बाजूंना हलकं दाबलं, मी ओरडलो. मग म्हणाली, "आजोबा, लघवी झाली का?"

म्हटलं, आता हिनंही सुरू केलं.

"न्हाय. लागली हाय, पण होत न्हाय."

तिनं धोतर बाजूला करून नीट बघितलं. नर्सला म्हणाली, लघवीच्या तोंडाशी रक्त नाही, असतं तर नळी घालायच्या आधी वाटेचाच फोटो काढला असता. मग हळूच नळी घातली. लघवी आली ती डाळिंबाच्या रसासारखी. नर्सचं तोंड उतरलं. डॉक्टरणीनं एक्स-रे उजेडाकडं धरला. कमरेचं पुढचं हाड मोडलं होतं.

"आजोबा, अपघाताच्या आधी शेवटची कधी गेला होता? पिशवी भरलेली होती का?" पिशवी म्हणजे मुतायची पिशवी, पोटाच्या खाली असते ती. भरलेली असताना मार बसला तर लवकर फुटते म्हणे.

मी म्हणालो, "गेलतो निघताना. पर किती झाली ते मला सांगता येत न्हाय. बायकोला इचारा. ती ऐकत हुती."

माझा लेक खाटेपाशी उभा होता. त्याचं तोंड असं झालं जसं त्याच्याच पोटावर ट्रॉली गेली. म्हणाला, "इचारून येतो, आण्णा," आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं आला. "आई म्हणती, चांगली झालती. मोकळी."

मी मनातच म्हटलं, येवढुशीच म्हणाली होती की सकाळी.

मग रिक्षावाला आला. त्याच्या हाताला पट्टी. तो म्हणाला, "चाचा, फिकर नक्को. चाची एकदम अच्छी हैं. बोल्या उनो, नाश्त्याच्या आदी गेले होते, बाद में नै."

दुपारी अकलूजहून मेहुणी आली, माझ्या बायकोची धाकटी बहीण. हातात मटणाचा डबा. तिला फोनवर जरासं लागलंय एवढंच सांगितलेलं, म्हणून डबा. बाहेर तिला खरं कळलं, मग डोळे पुसून, डबा तसाच हातात धरून ती आत आली. डॉक्टरीण तिथंच होती. मेहुणी बिनविचारता म्हणाली, "ताई सांगती, दाजी काल रातीपास्नं गेलंच न्हाईत."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "आजींना एकच काहीतरी सांगायला सांगा," म्हणाली. लेकानं तिला कोपऱ्यात नेलं. काहीतरी कुजबुजला. ती परत आली तेव्हा तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. आवाज बदलला होता तिचा. मला तेव्हा पहिल्यांदा गार वाटलं.

मेहुणी म्हणाली, "दाजी, ताई म्हणाली, जिवाला जपा. माजी काळजी करू नका म्हणली."

"कोण म्हणाली?"

"ताई."

"जिवाला जपा म्हणाली?"

"व्हय की."

संसार केला मी तिच्याबरोबर. कापडाच्या लूमवर असताना माझं बोट गेलं तेव्हा ती म्हणाली होती, "दुसरं बी घालायचं हुतं." टायफॉइड झाला तेव्हा म्हणाली, "मरायचं असलं तर पगार झाल्यावर मरा." जिवाला जपा असलं वाक्य तिच्या तोंडात बसलंच नसतं, दाढेत अडकलं असतं.

मी म्हणालो, "आनी शिवी काय दिली?"

तिघंही एकमेकांकडं बघायला लागले.

"शिवी न्हाय दिली, आण्णा," लेक म्हणाला.

"मी रिक्षात मांडी हलवली, रिक्षा पडली, यष्टी चुकली, जावळ चुकलं. आनी तिनं शिवी न्हाय दिली? जा, नीट इचारून ये."

लेक गेला. दाराच्या काचेतून मला तो दिसत होता. तो कुठं गेलाच नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, चेहरा झाकला, मग चेहरा पुसून आत आला. "आई म्हणाली... मूर्ख."

"मूर्ख?"

"व्हय."

"पुस्तकातला शब्द हाय त्यो. तुजी आई शाळंत कधी गेलती?"

रिक्षावाला मदतीला धावला. "गधा बी बोले, चाचा. मैं सुना."

"आता ती तुमच्या भाषंत बोलायला लागली व्हय?"

मेहुणी म्हणाली, "मेल्या म्हणाली." हे त्यातल्या त्यात बरं होतं. पण गळका माठ कोणीच म्हणालं नाही. म्हणणार कसे? तो शब्द माहीत असलेलं माणूस एकच होतं. ते असतं तर त्यानं तोच पाठवला असता.

मला भिंतीकडं तोंड करावंसं वाटलं. कमरेमुळं तेही जमेना. मग छताकडं बघत पडलो. तिघं इतकी राबत होती खोटं बोलायला, की त्यांना उघडं पाडायचं माझ्यानं झालं नाही. उलट मीही त्यांचाच सूर धरला. म्हणालो, "सांगा तिला, नळी घातलीया. बरं हाय."

"सांगतो," लेक म्हणाला, आणि खरंच उठून बाहेर गेला. कुणाला सांगितलं, देव जाणे. जाऊन आला आणि म्हणाला, "बरं म्हणाली."

मग डॉक्टरीण परत आली. म्हणाली, "पिशवीत औषध भरून फोटो काढायचा आहे. लगेच."

मेहुणी पुढं झाली. "अवो म्याडम, मघाशी त्या मोट्या मशिनीत घातलं की दाजींना. शिरंतनं औषीद दिलं. आनी कितींदा?"

"तेव्हा पिशवी रिकामी होती. रिकाम्या पिशवीचं भोक दिसत नाही. नळीतून खालून औषध घालून पिशवी पूर्ण ताणायची, मग बघायचं कुठून बाहेर येतंय का."

"टूब का पंक्चर," रिक्षावाला म्हणाला. "हवा भरे बगैर कैसा मिलेगा?"

"तसंच. नुसतं हाड मोडलं असतं आणि लघवी साफ असती तर मी थांबले असते. नुसती थोडी लाल असती आणि हाड चांगलं असतं, तरी विचार केला असता. दोन्ही एकत्र आहेत. आता विचार करण्यासारखं काही नाही."

लेक म्हणाला, "म्याडम, उद्या काढला तर? आज सांजच्याला आण्णांना जरा घरी न्यायचं हुतं. थोडा येळ. लगीच आणतो."

"घरी काय हाय?" मी विचारलं.

लेकानं मेहुणीकडं बघितलं. शेवटी मेहुणी म्हणाली, "सत्यनारायण."

"आज?"

"अचानक ठरला."

"जोडीनं बसायचं असतंय त्यात. पाटावर कोण बसणार?"

मेहुणीनं डबा खाली ठेवला आणि पदर तोंडात घातला. लेक खिडकीबाहेर बघायला लागला. मला कळलं, हे मला तिच्यापाशी न्यायला बघताहेत. माझ्यावाचून तिला उचलायची त्यांची छाती होत नाही, आणि मला का नेतो ते सांगायचीही छाती होत नाही.

मी डॉक्टरणीला विचारलं, "पंक्चर निघालं तर?"

ती माझ्याशी सरळ बोलली, त्याबद्दल मी तिला मानतो. "दोन प्रकार असतात. भोक पोटाच्या आतल्या बाजूला असेल तर लघवी पोटात साचते. आजच ऑपरेशन. नाही केलं तर चार-पाच दिवसांत हातातून जाता. भोक बाहेरच्या बाजूला, हाडाकडं असेल तर बहुतेक वेळा काही कापावं लागत नाही. नळी ठेवायची, आपोआप भरतं."

"आनी न बघता कळत न्हाय कुटल्या बाजूला."

"नाही कळत."

आता माझं गणित सरळ होतं. आतल्या बाजूला निघालं तर मला भूल देऊन टेबलावर घेणार. तिला उद्या सकाळच्या पुढं ठेवणार नव्हते, अपघातातलं मयत म्हणून आधी तिची चिरफाड होणार, ती संध्याकाळी हातात मिळाली की सकाळी नेणार. मी भुलीत आणि ती वाटेला. बाहेरच्या बाजूला निघालं तर तोंड बघायला मिळणार. फोटो काढलाच नाही तर आज संध्याकाळीच, घरी, बघायला मिळेल, आणि पुढच्या आठवड्यात लेकाला परत स्मशानात जावं लागेल, माझ्या मागून.

मी बायकोला विचारलं. मनात. ती काय म्हणाली असती हे मला कोणी बाहेर जाऊन विचारून यायची गरज नव्हती. जाऊन या आदी, म्हणाली असती. पुढचं पुढं.

"भरा," मी म्हणालो.

फोटोच्या खोलीत लोखंडी टेबल होतं, गारेगार. नळीला वर बाटली टांगली आणि औषध आत सोडायला लागले. आधी काही वाटलं नाही. मग लागली. मग अशी लागली की रिक्षात लागली होती ती काहीच नाही. फोटोवाला काचेमागून ओरडत होता, "बाबा, हलू नका, अजून थोडी भरायचीय, धरून ठेवा!"

आयुष्यभर एक बाई मला म्हणत होती, करून या. आणि आता ती नाही तर एक परका माणूस म्हणतोय, धरून ठेवा. मला हसू आलं. हसलो की कमरेत कळ जायची, कळ गेली की डोळ्यांत पाणी यायचं. फोटोवाला आत येऊन म्हणाला, "लई दुखतंय का?" मी म्हणालो, व्हय. भरलेली असताना एक काढला, मग सगळं सोडून दिल्यावर परत एक. मोकळी झाल्यावरही बघावं लागतं म्हणे, भरल्या पिशवीमागं लपलेलं तेव्हा दिसतं.

डॉक्टरीण स्वतः आली सांगायला. बाकी कोणी नव्हतं. "भोक आहे, आजोबा. बाहेरच्या बाजूला. हाडाचा तुकडा नाही घुसलेला. ऑपरेशन नको. दोनेक आठवडे नळी राहू दे, मग परत असाच भरून बघू."

"मग सकाळी मला माझ्या बायकोच्या मयताला जायचंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी न्हाय. तिची शिवी आली न्हाय."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही. खाटेच्या कडेवर बसली. डॉक्टर असं बसत नाहीत. मग म्हणाली, कमरेला पट्टा बांधून, ॲम्ब्युलन्समधून, आडवंच, तासाभरासाठी. नळीला लावलेली लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. उठायचं नाही. मी म्हणालो, उटत न्हाय.

लेकाला मी सांगितलं, मला ठाऊक हाय. तो माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. मग म्हणाला, "आण्णा, कवापास्नं?" मी म्हणालो, "मूर्खपास्नं."

सकाळी ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी लागली. माझं स्ट्रेचर चौघांनी उचललं आणि दारापुढं तिच्या शेजारी ठेवलं. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर बांगड्या, मळवट भरलेला. बायका म्हणत होत्या, नशीबवान, अहेव गेली. तिला विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं तिनं.

आम्ही दोघं शेजारी शेजारी आडवे. लोकांचा घोटाळा व्हायला लागला. तिचा धाकटा भाऊ माळशिरसहून आला होता, त्यानं माझी लघवीची पिशवी बघितली, सलाईन समजला, आणि बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी उंच डोक्यावर धरली. लाल पाणी नळीतून परत माझ्याकडं यायला लागलं. रिक्षावाला ओरडला, "नीचे, नीचे धरो मामू, वो उलटा काम है!"

मग गावाकडच्या भावकीतला एक म्हातारा आला. डोळ्यांनी अधू. कोणीतरी गेलं एवढंच त्याला कळलेलं. मी डोळे मिटून होतो. त्यानं आणलेला हार माझ्या गळ्यात घातला, पायावर डोकं ठेवलं आणि हुंदका देऊन म्हणाला, "लई चांगला मानूस हुता."

मी डोळे उघडले. "बाई हुती. ती तिकडं."

म्हातारा दोन पावलं मागं सरकून मेहुणीच्या अंगावर पडला. कोणीतरी हसलं, मग सगळ्या गल्लीनं हसू दाबलं. रडणाऱ्या बायकाही पदराआड हलत होत्या. म्हाताऱ्यानं चाचपडत माझ्या गळ्यातला हार काढला आणि तोच तिला घातला. दुसरा आणला नव्हता त्यानं.

मी लेकाला म्हणालो, मला आनी जवळ सरकवा. सरकवलं. माझा हात तिच्या कपाळापर्यंत पोचत होता. कुंकू मी लावलं, मळवटावर अजून एक बोट. तिचा कान माझ्या तोंडाशी आला. लोकांना वाटलं मी देवाचं नाव घेतोय, सगळे गप्प झाले.

मी म्हणालो, "झाली."

मग म्हणालो, "पर गळतोय. फोटो काढून बघितलं त्यांनी."

ती काही म्हणाली नाही. मेहुण्यानं पिशवी खाली धरली होती, ती भरत आली होती. मी लेकाला म्हणालो, "पिशवी रिकामी करून घे आदी. मग उचला."